सोडायचाच, तर धरायचा कशाला?

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस धरून होता, वर्गात विद्यार्थी तुरळक होते आणि प्राध्यापक-कक्षात आम्ही चौघे-पाच जण चहाची वाट पाहत बसलो होतो. एका सहकाऱ्याने वेळ घालवण्यासाठी आंतरजालावरची एक चित्रफीत लावली. युरोपातली कुठलीशी स्वच्छ, उथळ, दगडगोट्यांची नदी. तीत छातीपर्यंत रबरी विजार चढवून एक गृहस्थ उभे. हातात लांब, लवलवती काठी. तिच्या टोकाची दोरी ते पाण्यावर टाकत, पुन्हा उचलत. काठावर दुसरे गृहस्थ वही घेऊन उभे. बऱ्याच वेळाने वीतभर लांबीचा एक मासा लागला. तो अलगद जाळीत घेऊन काठावर नेला, वहीवाल्याने त्याची लांबी मोजली, वहीत टिपली आणि मासा पाण्यात सोडून दिला. पुन्हा काठी, पुन्हा दोरी. ही जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती.

सहकारी म्हणाले, "आपल्याकडे पाण्याला काय तोटा आहे? अरुणावती आहे, बेंबळा आहे, पूस आहे, इसापूर आहे. अशी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा यवतमाळला भरवली, तर शेतकऱ्यांच्या आत्महत्या सोडून दुसऱ्या कशासाठी तरी जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात येईल."

निबंधाची वही द्यायला आलेला तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी दारात उभा राहून हे सगळे पाहत होता. मुलगा भोई समाजातला. घरची मासेमारी जलाशयावरची. त्याने आम्हांला विचारले, "सर, सोडाचाच होता, त धरला कायले?"

आम्ही हसलो. मुलगा मात्र हसला नाही, त्याला खरोखरच उत्तर हवे होते. ते आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक खटाटोप आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. मत्स्यशास्त्रात आम्हांस गती नाही, गळ तर आयुष्यात धरलेला नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

प्रथम खेळ काय आहे ते पाहू. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची नसते. पिसे, केस आणि रंगीत दोरा यांची एक खोटी माशी गळावर बांधतात आणि ती खरी आहे असे माशाला वाटायला लावतात. (माशीने मासा धरण्याचा हा खेळ मराठीत श्लेषासाठीच जन्माला आल्यासारखा वाटतो.) या माशीला वजन जवळपास नसतेच, ते दोरीला असते. म्हणून काठी मागे-पुढे करून दोरीच हवेत खेळवावी लागते. पाहणाऱ्याला मोह पडतो तो या हालचालीचा. खेळाच्या जागतिक स्पर्धा 'फिप्स-मूश' या नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय संघटना भरवते. पहिली स्पर्धा १९८१ साली लक्झेंबर्ग येथे झाली. संघात पाच जण आणि तीन-तीन तासांची पाच सत्रे. नदीचे तुकडे पाडायचे आणि कोणाच्या वाट्याला कोणता यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. गळाच्या टोकाला जो उलटा दात असतो तो असता कामा नये, म्हणजे माशाचे तोंड फाटत नाही. एका दोरीला फार तर तीन माश्या. दोरीला वेगळे शिसे लावायचे नाही, तरंगणारी खूण लावायची नाही.

गुणांची रीत तर विलक्षणच आहे. पात्र ठरणाऱ्या प्रत्येक माशाला १०० गुण, शिवाय लांबीच्या प्रत्येक सेंटिमीटरला २०. वजन कोणी विचारत नाही. म्हणजे २५ सेंटिमीटरचा मासा ६०० गुणांचा आणि ५० सेंटिमीटरचा ११०० गुणांचा. दोन लहान मासे धरणारा १२०० गुण मिळवून एक मोठा धरणाऱ्याला मागे टाकतो. सत्रातल्या गुणांवरून क्रम लागतात, क्रमांकांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो जिंकतो, आणि एकही मासा न मिळालेला तळाशी जातो. त्यामुळे स्पर्धक मोठ्या माशाचे स्वप्न पाहत नाही. तो लहानसहान मासे भराभर गोळा करत जातो. परीक्षापद्धतीत आयुष्य गेलेल्या आम्हांस ही रीत ओळखीची वाटली. एक दीर्घोत्तरी प्रश्न सोडून दोन टिपा लिहाव्यात, असा सल्ला आम्हीही दर मार्चमध्ये देत असतो.

इंग्रजी साहित्यात गळाने मासे धरण्याचे बायबल म्हणावे असा ग्रंथ आयझॅक वॉल्टनचा. 'द कंप्लीट अँग्लर' १६५३ साली निघाला, आणि पुढे १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने फ्लाय फिशिंगवरचा भाग त्यात घातला. वॉल्टनने उपशीर्षकातच या छंदाला चिंतनशील माणसाची करमणूक ठरवले आहे. गृहयुद्ध होऊन राजाचा शिरच्छेद झालेला तो काळ. अशा काळात शांत राहू इच्छिणाऱ्या माणसाचे ते नदीकाठचे आश्रयस्थान होते. त्या चिंतनाला तीन तासांच्या सत्रात बसवून वर पंच नेमणे वॉल्टनपंथीयांना विटाळासारखे वाटते आणि स्पर्धा म्हटली की ते नाके मुरडतात. आम्हांसही आरंभी त्यांचेच पटले होते. परंतु स्पर्धांचा इतिहास चाळताना एक गोष्ट अडखळवून गेली. १९८० च्या दशकात पोलंड आणि तेव्हाचे चेकोस्लोव्हाकिया येथील मंडळींनी या स्पर्धांत श्रीमंत देशांच्या संघांना चकित केले. त्यांची रीत निराळी होती. लांब, देखणी फेक नाही. काठीच्या टोकाखाली, अगदी जवळ, तळाच्या दगडांलगत जड माश्या वाहू द्यायच्या आणि दोरीच्या सूक्ष्म थरथरीवर लक्ष ठेवायचे. पोलादी पडद्याआड चांगल्या दोऱ्या मिळत नसत, म्हणून ही आखूड दोरीची विद्या निघाली, असे सांगतात. आज साऱ्या जगातले स्पर्धक तीच विद्या त्या देशांच्या नावाने शिकतात. स्पर्धा नसती, तर दोन-तीन नद्यांच्या काठचे हे ज्ञान तिथेच राहिले असते आणि सभ्य मंडळींनी त्याला गावठी म्हटले असते.

या खेळाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो माशीच्या पिसांपासून आहे. दख्खनच्या आणि सातपुड्याच्या रानातला राखाडी रानकोंबडा आपल्याला ठाऊक असतो. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे चकाकते ठिपके असतात. हा ठिपका पाण्यात लहान माशाच्या डोळ्यासारखा दिसतो, म्हणून विलायतेतले माशी बांधणारे कारागीर या पिसांसाठी जीव टाकत. किती रानकोंबड्यांच्या माना बोटींतून तिकडे गेल्या असतील! पुढे भारताने त्यांच्या निर्यातीस बंदी केली. म्हणजे आमच्या रानातला पक्षी या खेळात फार पूर्वीच पोचला होता. राहिली ती आमच्या रानातली माणसे.

याहून जुना धागा मात्र आमच्याच अभ्यासक्रमात पडून होता आणि त्याची आम्हांस लाज वाटते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाङ्मयेतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात भेटतो. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९. त्या संस्कृत ग्रंथात मराठी पदे सापडतात, म्हणून मराठीचा एक आरंभीचा पुरावा या नात्याने आपण त्याचे नाव पाठ करतो, दोन गुणांच्या प्रश्नात विचारतो आणि पुढे जातो. आम्ही वीस वर्षे हेच केले. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे, हे आम्हांस या श्रावणापर्यंत ठाऊक नव्हते. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता! सोमेश्वराने सुमारे ३५ प्रकारच्या माशांची नोंद केली आहे: कोणता समुद्रातला, कोणता नदीतला, कोणाला खवले आहेत, कोणाला नाहीत, कोणाला काय खाऊ घालावे. गळ, दोर, काठी यांचाही विचार आहे. जवळपास नऊ शतकांनंतर हे वाचताना आधी अभिमानच वाटतो.

मग त्या मुलाचा प्रश्न आठवतो. 'विनोद' हा शब्द राजाच्या बाजूचा आहे. सोमेश्वराने गळ टाकण्यापूर्वी ते मासे कोठे असतात, काय खातात, कोणत्या डोहात बसतात हे त्याला कोणी सांगितले? ३५ नावे कोणाच्या तोंडची? ग्रंथात राजा आहे, मासे आहेत. पाण्यात उभा असलेला माणूस नाही. अजिंक्यपदाच्या चित्रफितीत निदान काठावर वही घेतलेला मनुष्य तरी दिसतो.

येथे अपरिहार्यपणे हेमिंग्वे आठवतो. पु. ल. देशपांडे यांनी 'द ओल्ड मॅन अँड द सी'चे भाषांतर केले आणि त्याला 'एका कोळियाने' असे नाव दिले. जुन्या पाठ्यपुस्तकात पुन:पुन्हा पडून पुन:पुन्हा चढणारा जो कोळी होता, तो कीटक आणि हा मच्छीमार एकाच शब्दात बसवणे हे पुलंनाच सुचू जाणे. (आमच्या विद्यार्थ्यांना मात्र दर वर्षी सांगावे लागते की हा कोळी म्हणजे किनाऱ्यावरचा, आपल्याकडचा भोई.) ८४ दिवस मासा न मिळालेला तो म्हातारा फिप्स-मूशच्या कोष्टकात ८४ सत्रे तळाला राहिला असता. नंतर त्याला लागलेला मासा त्याच्या हाती राहत नाही. शार्क त्याचे मांस ओरबाडून नेतात आणि किनाऱ्याला लागतो तो सांगाडा. शेवटी कोणीतरी तो सांगाडा दोरीने मोजतो: नाकापासून शेपटीपर्यंत १८ फूट. ही कादंबरिका आम्ही अनेकदा शिकवली, पण या मोजणीपाशी कधी थांबलो नव्हतो. म्हाताऱ्याला पैसा मिळाला नाही, अन्न मिळाले नाही. मिळाली ती लांबीची नोंद, आणि तीही त्याच्याच गावातल्या, त्याच्यासारख्याच माणसाने केलेली. त्यामुळेच त्या झोपलेल्या म्हाताऱ्याचे गावात स्थान पुन्हा ठरते. हेमिंग्वेच्या नावाने हवानाजवळ मोठे मासे धरण्याची स्पर्धा भरू लागली आणि १९६० साली तिचे पारितोषिक फिडेल कॅस्ट्रोने जिंकले, हा इतिहासाचा विनोद निराळाच. असो.

आता कावेरीकडे वळू. आमचे मत बनले ते तिथल्या हकिकतीमुळे, आणि तिचे एक टोक लोणावळ्याला आहे.

महासीर हा आपल्या देशातला गळाचा राजा. एच. एस. थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' लिहिले, तेव्हापासून साहेबलोक त्याच्यामागे होते. कावेरीच्या खोऱ्यात मिळणारा पाठीवर उंचवटा असलेला महासीर तर अवाढव्यच. १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा धरला गेल्याची नोंद आहे. पुढे कर्नाटकात भीमेश्वरी, दोड्डमकळी, गलिबोरे येथे शिबिरे उभी राहिली. देशोदेशीचे छांदिष्ट येत, मासा धरत, वजन करत, छायाचित्र काढत आणि सोडून देत. पूर्वी चोरून मासे मारणारी, सुरुंग लावणारी स्थानिक माणसे तिथे वाटाडे म्हणून नोकरीस लागली. २०१० ते २०१२ या काळात वन्यजीव कायद्याचा आधार घेऊन अभयारण्यातली ही शिबिरे बंद करण्यात आली. ते योग्य होते की अयोग्य, यावर दोन्हीकडून अजून बोलले जाते.

परंतु शिबिरांत एक वही होती. कोण किती तास गळ टाकून बसला, किती मासे मिळाले, किती वजनाचे, कोणत्या जातीचे हे तिच्यात लिहिले जाई. गलिबोरे येथील १९९८ ते २०१२ या वर्षांच्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा हजारांहून अधिक महासीरांची नोंद होती. वरवर पाहता आनंदीआनंद: धरल्या जाणाऱ्या माशांची संख्या वर्षानुवर्षे वाढत होती. मात्र जाती वेगळ्या काढून पाहिल्यावर चित्र उलटे झाले. वाढत होता तो निळसर परांचा महासीर. कावेरीचा स्वतःचा, उंच पाठीचा महासीर नाहीसा होत चालला होता. लहान वयाचे मासे दिसतच नव्हते, उरले होते ते म्हातारे.

निळ्या परांचा हा मासा कावेरीत आला कोठून? लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या जलविद्युत तलावांवर १९७० च्या दशकापासून महासीराची पैदास करण्याचे केंद्र चालते. दख्खनी महासीर धरणांमुळे संपत आला होता, त्याला वाचवावे हा हेतू. तो हेतू पुष्कळसा साधलाही: ही जात आज संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आली आहे. सह्याद्रीतल्या नद्यांचे यात भलेच झाले. पण पिल्ले मुबलक झाली, तशी ती देशभर वाटली गेली आणि मासे वाढावेत, खेळ वाढावा म्हणून दुसऱ्या खोऱ्यातल्या कावेरीतही सोडली गेली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. परिणाम असा झाला की ज्या माशासाठी जग तिथे येत होते त्याच्याच घरात दुसरा येऊन बसला. आणि त्या मूळ माशाला शास्त्रात धड नावही नव्हते! १८७३ पासून ज्याची छायाचित्रे भिंतींवर लागली, तो 'टॉर रेमादेवी' हाच आहे हे निश्चित झाले २०१८ साली. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. नाव मिळायला आणि मरणपंथाची नोंद व्हायला एकच मुहूर्त लागला.

या हकिकतीतून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. छांदिष्टांना छंदाचा परिणाम कळला नाही. मोठा मासा धरल्याच्या आनंदात जात बदलत चालली हे त्यांच्या ध्यानात आले नाही. पण वही होती म्हणून ते उघडकीस आले. वही नसती, तर 'मासे वाढले' एवढेच जगाला कळले असते. पोट भरण्यासाठी मासे धरणाऱ्या भारतातल्या लक्षावधी लोकांच्या नद्यांत या पन्नास वर्षांत काय नाहीसे झाले, याचा विदा कोणापाशी आहे? त्यांच्या काठावर वहीवाला कोणी उभाच केला नाही.

म्हणून आमचे मत असे आहे. आमच्या जिल्ह्यात अशी स्पर्धा भरवू नये. श्रीमंतांचा चाळा म्हणून नव्हे, आणि माशाला वेदना होतात म्हणूनही नव्हे. रोज संध्याकाळी बाजारातून मरळ आणणाऱ्यांनी वेदनांबद्दल बोलताना जरा जपून बोलावे. आमची कारणे साधी आहेत. या स्पर्धा थंड, वाहत्या, निर्मळ पाण्यातल्या ट्राउटसारख्या माशांवर उभ्या आहेत. आमच्या पैनगंगेचे पात्र इसापूरच्या खाली उन्हाळ्यात उघडे पडते आणि काठची गावे प्यायला पाणी सोडा म्हणून अर्ज करत असतात. स्पर्धेसाठी पाणी सोडले गेले आणि गावांसाठी नाही, असे एकदा जरी झाले तरी तो खेळ राहणार नाही. शिवाय स्पर्धा म्हटली की मासे हवेत, मासे हवेत म्हटले की कुठून तरी आणून सोडणे आले, आणि आणून सोडण्याने काय होते ते कावेरीने दाखवले आहे. आमचे जलाशय तरी काय? त्यांत आधीच बाहेरून आणलेले रोहू, कटला आणि मृगळ आहेत. तिलापिया तर बोलावल्याशिवाय आला. शेवटचे कारण, जलाशयातली मासेमारी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. हवा भरलेल्या ट्रकच्या ट्यूबवर बसून पहाटे पाण्यात उतरणाऱ्या माणसाचे ते पाणी आहे. त्याने तीन दिवस काठावर उभे राहून पाहुण्यांचे खेळ पाहावेत आणि बदल्यात वाटाड्याचा भत्ता घ्यावा, ही कल्पना आम्हांला रुचत नाही. सहकाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपण कशातच नसायचे." त्यांचे दु:ख आम्हांस कळते. या जिल्ह्याचे नाव परक्या तोंडून ऐकताना आमच्याही पोटात खड्डा पडतो.

पण वही मात्र घ्यावी. लांबी मोजणे, जात लिहिणे, किती वेळ लागला ते टिपणे यांस परदेशी काठी लागत नाही. आज जलाशयावरून निघालेल्या मालाची जी चिठ्ठी बनते ती आम्ही पाहिली. तीत रोहू, कटला आणि 'इतर' असे तीन रकाने होते. नदीचे मूळ रहिवासी असलेले मासे सगळे त्या 'इतर'मध्ये. भावही त्याच हिशेबाने.

या 'इतर'मध्ये काय काय येते, असे आम्ही त्या विद्यार्थ्याला विचारले. आधी आमचीच परीक्षा घेतली: आम्ही दोघे, मराठीचे पदव्युत्तर, कागद घेऊन बसलो आणि पैनगंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नावे लिहू लागलो. मरळ, वाम, मांगूर, झिंगा. झिंगा हा मासाच नव्हे हे नंतर लक्षात आले. म्हणजे तीनच. त्याच भाषेत आम्ही पदव्या घेतल्या, त्याच भाषेच्या समृद्धीवर दर २७ फेब्रुवारीला भाषणे करतो. पुण्याकडच्या नद्यांतील महासीराचे वर्णन कर्नल सायक्सने १८३९ च्या सुमारास केले, तेव्हा त्याने स्थानिकांच्या तोंडचा शब्दच शास्त्रीय नावात घेतला. 'टॉर खुद्री'मधले 'खुद्री' ते हेच. एका इंग्रज कर्नलाला जे ऐकू आले, ते मराठीच्या विभागांना ऐकू आले नाही. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधसारख्या ठिकाणी आदिवासी आणि ढिवर यांच्या बोलीतले शब्द आयुष्यभर टिपले. ते २०२५ साली गेले. विदर्भातल्या किती महाविद्यालयांतून ते काम पुढे चालू आहे?

मुलाने चार दिवसांनी वही आणली. वर्गात कधी दोन पानांपलीकडे न लिहिणाऱ्याने एकोणीस पाने भरली होती. एकतीस नावे. कोणता मासा कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात दिसतो, आजोबांच्या वेळी होता आणि आता नाही असे कोणते. काही नावे त्याच्या आजीने सांगितलेली आणि त्याने स्वतः मासा न पाहिलेली. मरळीपाशी त्याने अर्धे पान लिहिले होते: मरळीची पिल्ले तांबड्या ठिपक्यांच्या ढगासारखी पाण्यावर येतात आणि मरळ खालून राखण करते. आम्ही विचारले, "मग तेव्हा सापडायला सोपी असेल." तो म्हणाला, "सोपीच असते, सर. पण पिल्लं संगं असली त बाबा नाही धरत. सोडूनच देते."

त्याचा प्रश्न त्यानेच असा परत आमच्यापुढे ठेवला, आणि हे त्याच्या लक्षातही आले नसावे. आम्ही काही बोललो नाही. सवयीने लाल पेन काढून शुद्धलेखन तपासू लागलो. मग पेन तसेच ठेवले, कारण त्यातली बरीच नावे कोणत्याही कोशात नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ ठरवणारे आम्ही कोण?

शेवटचा रकाना 'लांबी'. तो कोराच आहे. पाणी थोडे उतरू द्या, मग भरतो, असे तो म्हणाला. ट्यूबवर बसून मोजपट्टी हाताळणे जमत नाही, म्हणून वडिलांनी वल्ह्याच्या दांड्यावर खिळ्याने दर सेंटिमीटरला एक चर पाडून दिली आहे.